गोदा उडी मारत नाही

रोज सकाळी पहिला चहा संपायच्या आत माझ्या पंधरावीस शिव्या वाचून झालेल्या असतात. त्या माझ्यासाठी नसतात. कोणीतरी कोणाच्या तरी आवडत्या लढवय्याला नावं ठेवलेली असतात, मग दुसऱ्याने पहिल्याच्या खानदानाचा उद्धार केलेला असतो. त्यातलं काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे ठरवणं हे माझं काम. शेजारच्या काकू विचारतात, तुम्ही घरी बसून नेमकं करता काय? मी सांगते, भांडणं वाचते. त्यांना ते लगेच पटतं. नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप त्याही रोज वाचतात.

आधी मी सदरमधल्या एका ऑफिसात फोन कंपनीच्या तक्रारी घ्यायची. ते ऑफिस बंद झालं. मग पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीला मराठी आणि हिंदी दोन्ही वाचणारं, आणि वाचून न चिडणारं माणूस हवं आहे असं कळलं. मी तोवर एकही गेम खेळले नव्हते. मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुमचा आवडता लढवय्या कोण? मी म्हटलं, आवडता कोणी नाही, तक्रारी काय येतात ते सांगा. नोकरी मिळाली.

गेमचं खरं नाव लिहायची मला परवानगी नाही. आपण त्याला 'आखाडा' म्हणू. ज्यांनी असला खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात आणि एक आडवा होईपर्यंत एकमेकांना मारतात. बस, इतकंच. पण प्रत्येक लढवय्याचे डाव वेगळे असतात आणि ते बोटांत बसायला महिनोन्‌महिने जातात. त्यामुळे खेळणारा एकालाच धरून बसतो. बाकीच्यांशी त्याचं देणंघेणं राहत नाही. तो लढवय्या मग त्याचा घरचा माणूस होतो. त्याला कोणी 'फालतू' म्हटलं की हा जेवण सोडून भांडायला येतो, आणि तिथून माझा दिवस सुरू होतो.

खरी रणधुमाळी होते ती नवी आवृत्ती येणार असते तेव्हा. नव्या आवृत्तीत प्रत्येक लढवय्या पहिल्यापासून काढावा लागतो, हलवावा लागतो, बाकीच्यांशी तोलून पाहावा लागतो. त्यात बराच काळ जातो, म्हणून कंपनी काही जुन्यांना घेते आणि काहींना घरी बसवते. ही कुणकुण लागली की प्रचार सुरू होतो. पोस्टर, घोषणा, व्हिडिओ, युत्या. हो, युत्यासुद्धा. तुम्ही आमच्या बिजलीसाठी लिहा, आम्ही तुमच्या नागमणीसाठी लिहितो. मग कोणी शब्द मोडतो आणि दोन्ही बाजू माझ्याकडे न्याय मागायला येतात. नगरसेवकाच्या निवडणुकीत याहून वेगळं काही पाहिल्याचं मला आठवत नाही. हे लोक मला मॉडताई म्हणतात. मॉडरेटर हा शब्द त्यांच्या तोंडात तेवढाच उरला आहे.

दर शुक्रवारी मला पुण्याला एक पान पाठवावं लागतं. लोक काय म्हणतात, किती लोक म्हणतात, आणि त्यात तथ्य किती. त्या पानावर लढवय्ये राहतात किंवा जातात असं लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे, पण मी कधी खोडून काढलं नाही. थोडा दरारा असलेला बरा.

प्रचारकांमध्ये मला सगळ्यात लक्षात राहिलेले म्हणजे काटोलचे दिवाकरभाऊ. संत्र्यांचे व्यापारी, पन्नाशी उलटलेली. मार्केटमध्ये लिलावाची वाट पाहत बसताना मोबाइलवर खेळायचे. त्यांचा लढवय्या काळू वस्ताद, मिशीवाला म्हातारा पैलवान. वस्ताद जाणार अशी अफवा उठली तेव्हा दिवाकरभाऊंनी पुण्याच्या ऑफिसात संत्र्यांची पेटी धाडली. प्रत्येक संत्र्यावर वस्तादाच्या चेहऱ्याचं स्टिकर. ऑफिसातल्या मंडळींनी स्टिकर काढून संत्री खाल्ली. कुठल्या तरी ब्रँडचं असेल असं त्यांना वाटलं. आभाराचं पत्र आलं ते पेटीवर ज्या दुकानाचा छाप होता त्याच्या नावाने. दिवाकरभाऊंचा मला फोन आला.

"ताई, खाल्ले ना त्यायनं?"

"खाल्ले. गोड होते म्हणाले."

"मंग वस्तादाचं काय?"

वस्ताद राहिला. तो आधीच ठरलेल्यांत होता, संत्र्यांचा काही संबंध नव्हता. दिवाकरभाऊ मात्र आजही सांगतात की मृग बहाराच्या संत्र्यांनी काम केलं. त्यानंतर कोणीतरी चिवडा पाठवतो म्हणाला, तेव्हा मी खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर ठळक अक्षरांत लिहिलं की खाद्यपदार्थ स्वीकारले जाणार नाहीत.

हे मी हसत सांगते आहे, पण यंदाचा उन्हाळा काही हसण्यासारखा गेला नाही. तो गोदाने खाल्ला.

गोदा ही आखाड्यातली सगळ्यात मंद लढवय्यी. जाडजूड, कासोट्याचं लुगडं नेसलेली, पन्नाशीची बाई. बाकीचे सगळे हवेत कोलांट्या मारतात. गोदा उडी मारत नाही. जमिनीला पाय रोवून उभी राहते, समोरचा जवळ येईपर्यंत थांबते, आला की धरून आपटते. ती पडली तरी झटकन उठत नाही. आधी बसते, अंबाडा बांधते, मग उठते. तेवढ्यात समोरचा आणखी दोन ठेवून देतो. पुण्याच्या मते ही चूक होती, जी कधीतरी दुरुस्त करायची राहून गेली. तिला खेळणारे मूठभर, पण कडवे. त्यांचा म्होरक्या प्रफुल्ल, सदरमध्ये मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आणि त्यांच्यातला सगळ्यात भारी खेळाडू 'दगड' नावाने खेळायचा. ग्रुपवर एक शब्द बोलायचा नाही. फक्त जिंकायचा. सगळे त्याला दगडभाऊ म्हणायचे.

या दगडाविरुद्ध माझ्याकडे तक्रार आली. बिजलीवाल्यांनी त्याचे सामने तपासून लिहिलं होतं की मारताना हा कधीच पुढेमागे होत नाही, याचा वेळ फार नेमका असतो, हा माणूस नसून मशीन खेळतं आहे. अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याने खेळताना आपल्या हातांचा व्हिडिओ काढून सगळ्यांसमोर टाकायचा. चेहरा नको, फक्त हात. बोटं खरी आहेत हे दिसलं की वाद मिटतो. मी दगडाला तसं कळवलं. उत्तर आलं, व्हिडिओ देणार नाही, पण तुम्ही नागपूरच्याच असाल तर समोर खेळून दाखवते. 'दाखवते' वाचून मी जरा थांबले.

सदरमध्ये एका गेमिंग पार्लरमध्ये दुपारी भेटलो, गर्दी नसते तेव्हा. अश्विनी म्हणू तिला; हे आणि 'दगड' ही दोन्ही नावं मी बदलली आहेत. तिशीची, विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. बाहेर मरणाचं ऊन असताना डाव्या खांद्यावरून पूर्ण ओढणी घेतलेली. बसल्यावर तिने ओढणी काढून बाजूला ठेवली. जन्माच्या वेळी तिच्या डाव्या हाताची नस दुखावली होती. हात आहे, पण तो मांडीवर पडून असतो. कंट्रोलर हे बटणांचं यंत्र सगळे दोन हातांत धरतात. डावा अंगठा दिशा देतो, उजवा मारतो, आणि दोन्ही एकाच क्षणी चालावे लागतात. हिने तो टेबलावर सपाट ठेवला आणि एका हाताने खेळायला लागली. गोदाला हलायचं नसतं. बटण दाबून धरायचं, वेळ आली की सोडायचं. मधल्या उसंतीत तोच अंगठा पलीकडे नेऊन दिशा बदलायची. म्हणून ती मारताना पुढेमागे होत नव्हती. फसवणूक कसली, तिला दुसरा रस्ताच नव्हता.

पार्लरमधल्या एका चांगल्या खेळणाऱ्याला तिने लागोपाठ हरवलं. मध्येच गोदा पडली, तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "बांध बाई, सावकाश बांध." मला म्हणाली, "बाकीचे पडले की टुणकन उठतात, जसं काही झालंच नाही. हिले लागलं ते दिसते. मले हिचं तेच आवडते." मी मान हलवली. माझं सगळं लक्ष तिच्या अंगठ्याकडे होतं.

निघताना तिने एकच मागणं केलं. दगड कोण आहे, बाई की बाबा, हात कसा आहे, यातलं कोणालाच सांगायचं नाही. मी कबूल केलं. ग्रुपवर लिहिलं, तपासलं, खेळ स्वच्छ आहे, विषय संपला. बिजलीवाले कुरकुरले आणि गप्प बसले.

मे महिन्यात कंपनीने नव्या आवृत्तीची पहिली यादी जाहीर केली. त्यात गोदा नव्हती. उरलेल्या थोड्या जागा लोकांचा प्रतिसाद पाहून भरू, असं खाली लिहिलं होतं. प्रफुल्लने त्याच दिवशी मोहीम उघडली. त्याने चार ओळींची झणझणीत घोषणा लिहिली आणि हुकूम काढला की प्रत्येकाने तीच, अक्षरशः तीच, रोज टाकायची. एकजण उत्साहाने स्वतःचं काही जोडायला गेला तर प्रफुल्लने त्याला चारचौघांत झापलं. शिस्त मोडू नको. एकी दिसली पाहिजे.

आमची यंत्रणा कशी चालते ते मला ठाऊक होतं. एकसारखा मजकूर पुन्हा पुन्हा आला की ती त्याला जाहिरातीचा कचरा समजते, सगळा एकात गोळा करते आणि एकच धरते. प्रफुल्लची अख्खी फौज पुण्याला एक माणूस म्हणून दिसत होती. पानावर 'किती लोक' हा आकडाही मला यंत्रणेचाच उतरवावा लागतो. जितकी शिस्त, तितका तोटा. आणि हे बाहेर सांगायची मला सक्त मनाई, कारण सांगितलं की उद्या खरे जाहिरातवालेही शहाणे होतात. मोहिमेत ज्यांच्यात एकीचा पत्ता नव्हता, ते नागमणीवाले आपापसात भांडत, प्रत्येकजण वेगळं बरळत, भराभर पुढे चालले होते.

प्रफुल्लचा फोन आला. "ताई, आम्ही इतके जण लिहून राहिलो, पुण्याले दिसत नाही का?"

मी म्हटलं, "प्रफुल्लभाऊ, प्रत्येकाला आपापल्या शब्दांत लिहू द्या ना."

"काहून? मंग आमच्यात अन् त्या नागमणीवाल्यायच्यात फरक काय राहिला?"

यापुढे बोलले असते तर माझी नोकरी गेली असती. मी कूलरची मोटर तपासायला उठले, ती बंद नव्हती. त्या आठवड्यात मला एका जागी बसवत नव्हतं. मोहिमा मी पुष्कळ पाहिल्या, हरलेल्याही पाहिल्या. पण इथे हरलं तर अश्विनीचा खेळच बंद होणार होता, आणि हे फक्त मला माहीत होतं.

मी तिला फोन केला. तुझं नाव न घेता, हाताची गोष्ट पुण्याला सांगू का? एका वाक्यात काम होईल.

"नाही," ती म्हणाली. "ताई, तुम्हाले कळून नाही राहिलं. माह्या हातासाठी गोदा ठेवली, तर ते फुटते. फुटलं की उद्यापासून मी ज्याले हरवीन तो म्हणीन, जाऊ दे, मीच सोडून दिलं. मंग माह्याजवळ काय राहिलं?"

तक्रारींच्या कामात एवढी वर्षं काढून मला एक कळतं की समोरचं माणूस नाही म्हणालं की ते नाहीच असतं. मग मी दुसरा रस्ता शोधला. बाईचं नाव काढायचं नाही, बाईबद्दल बोलायचंच नाही. खेळाबद्दल बोलायचं.

रविवारी दुपारी मी माझा डावा हात ओढणीने कमरेशी बांधला, मोबाइल टेबलावरच्या डब्याला टेकवून उजव्या हातावर रोखला, कंट्रोलर सपाट ठेवला, आणि एकेका लढवय्याला एका हाताने खेळायला बसले. मी मुळात दोन हातांनीही बरी खेळत नाही. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दुपारची झोप काढून बाहेर आले आणि मला तसं पाहून दारातच थबकले.

"हात मोडला काय वं?"

"नाही. काम करून राहिले."

ते चहा ठेवायला गेले. कपही उजवीकडे आणून ठेवला.

बिजली एका हाताने जागची हललीच नाही. नागमणी एकदा उडाली आणि वरून सरळ मार खायला खाली आली. काळू वस्तादाने जरा तग धरला. गोदा मात्र माझ्यासारख्या अनाडी बाईकडूनही खेळली आणि चक्क एक सामना जिंकली. त्या शुक्रवारच्या पानावर मी लिहिलं की एका हाताने खेळता येईल असा आखाड्यात एकच लढवय्या आहे, तोच तुम्ही काढता आहात, आणि सोबत पुरावा जोडला आहे. पुरावा म्हणजे माझ्याच हाताचा व्हिडिओ. मागे कूलर घरघरतो आहे, मध्येच एक हात चहाचा कप ठेवून जातो आहे.

पुण्याचा अनिकेत, माझा साहेब, माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने लगेच व्हिडिओ कॉल लावला. "मॅडम, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आजवरचं सगळ्यात उपयोगी पान आहे तुमचं." पुढच्या आठवड्यात निर्णय झाला. नव्या आवृत्तीत बटणांची अशी मांडणी मिळणार होती की कोणताही लढवय्या एका हाताने खेळता येईल. सगळेच्या सगळे. त्यावर आता माणसं बसवली होती. गोदा? "त्यामुळेच तर मॅडम," अनिकेत म्हणाला, "आता तिची गरज उरली नाही."

मला हे उत्तम वाटलं. एका बाईसाठी मागायला गेले होते, सगळ्यांसाठी मिळालं. फोन ठेवला आणि त्याच पावली अश्विनीला लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं.

"ताई, म्हणजे गोदा गेली."

"अवं, पण तुला आता कोणीही खेळता येईल. बिजली घे, वस्ताद घे."

"मले दुसरं कोणी जमत नाही म्हणून मी गोदा खेळत होती, असंच वाटलं तुम्हाले? सुरुवातीले तसंच होतं. पण आता ती मले आवडते. प्रफुल्लले आवडते तशीच. त्याले कोणी म्हणते का, की तुह्या हाताची सोय झाली, आता जा?"

मी म्हटलं, "मग हे तू एकदाही लिहिलं नाहीस कुठे."

"तुम्हाले सांगितलं होतं. पार्लरमध्ये."

"मला सांगून काही होत नाही अश्विनी. जिथे सगळे लिहितात तिथे लिही."

तिने फोन ठेवला. रागाने ठेवला की साहेब आला म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. पुढचे दिवस मी भांडणं वाचत होते आणि एकही डोक्यात शिरत नव्हतं. एक शिवी तर माझ्याकडून पुसायची राहिली, लोकांनीच तक्रार केली. लोकांच्या प्रतिसादावरच्या उरलेल्या जागा अजून भरायच्या होत्या, आणि तो निकाल जवळ येत चालला होता. स्वयंपाकघरात जायची, काय घ्यायला आले ते विसरून परत फिरायची. गोदा माझी कोणी नव्हती. मला तर आवडता लढवय्याच नाही. तरी ते डोक्यातून जाईना.

गुरुवारी दुपारी ग्रुपवर दगडाचा मजकूर आला. आजवरचा पहिला.

"मी दगड. मी बाई आहे, तेव्हा दगडभाऊ म्हणणं बंद करा. गोदा पडली की बसते, अंबाडा बांधते अन् मग उठते. समोरचा मारून राहिला तरी ती अंबाडा अर्धा सोडत नाही. मले ते आवडते. नव्या खेळात मले बाकीचे सगळे खेळता येतील. मले हीच पाहिजे."

प्रफुल्लने आधी तिला लिहिलं की ताई, ठरलेली घोषणा टाकायची होती. थोड्या वेळाने त्याने घोषणा सोडली आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलं. गोदा त्याला का आवडते, तर ती जिंकल्यावर हात वर करत नाही, समोरच्याला उठवते. हे मी इतकी वर्षं पाहूनही पाहिलं नव्हतं. मग दुसरा, मग तिसरा. कोणाला तिचं धरणं आवडतं, कोणाला तिचं खाकरणं. घोषणा कुठल्या कुठे गेली. बिजलीवाला एकजण येऊन म्हणाला, आम्ही हिच्याकडून इतका मार खाल्ला की आता सवय झाली, राहू द्या हिला. तो मजकूर मी दोनदा वाचला.

शुक्रवारी पान लिहायला बसले. दगडाच्या मजकुरापाशी थांबले. वाटलं असतं तर तिच्यापुढे दोन ओळी जास्त लिहिता आल्या असत्या. तिचं मत मी एकच धरलं. प्रफुल्लचं धरलं तसं, बिजलीवाल्याचं धरलं तसं. हाताचा उल्लेख केला नाही.

पुण्याचं उत्तर अजून आलेलं नाही. हा मजकूर लिहिताना मी चारदा उठून मेल उघडून आले आहे.